बाळंतपणातली न दिसणारी जखम

कुणाकडे बाळ झालं की आपल्याकडे पेढ्यांबरोबर दोन प्रश्न हमखास येतात. मुलगा की मुलगी, आणि नॉर्मल की सिझर? दुसऱ्याचं उत्तर 'नॉर्मल' असं आलं की विचारणारा "चला, सुटली बिचारी" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. जणू काही बाळंतपण हे बूलियन व्हेरिएबल आहे, त्याला दोनच किमती.

पण 'नॉर्मल' या एका शब्दाच्या पोटात किती वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात! वीस मिनिटांत झालेलं बाळंतपण नॉर्मल, तीन तास कळा देऊन झालेलंही नॉर्मल. टाका न पडलेलं नॉर्मल, आणि चिमटा लावून, कापून, आतून-बाहेरून टाके घालून झालेलंही कागदावर नॉर्मलच. नंतर वर्षभराने ती बाई शिंकताना पाय आवळून उभी राहत असेल, तर त्याची नोंद कुठेच होत नाही.

आमच्या मित्रमंडळात गेल्या दोन-तीन वर्षांत बरीच बाळं झाली. त्यातल्या एकीने बाळ दीड वर्षाचं झाल्यावर माझ्या बायकोला सांगितलं, की ती आता धावायला जात नाही, ट्रेकला येत नाही, आणि लांबच्या बसप्रवासाची तिला भीती वाटते. घरच्या सगळ्या बायकांनी तिला एकच उत्तर दिलं होतं, "बाळंतपणानंतर असं होतंच गं." मला त्या 'होतंच'ने बेचैन केलं. आमच्या धंद्यात कुणी "सर्व्हर अधूनमधून पडतोच" म्हणालं तर आपण ऐकून घेत नाही. लॉग उघडतो, कधी पडला, त्याआधी काय झालं होतं, ते बघतो. मग इथे लॉग कुणी बघितले? कुणाचं बाळंतपण जास्त इजा करतं, कशामुळे करतं, हे माणसाला कधी आणि कसं कळलं? गेले तीन-चार वीकांत मी याच नादात घालवले. (मी डॉक्टर नाही. हा लेख इतिहासाचा आहे, सल्ल्याचा नाही. सल्ला ज्याचा त्याने आपल्या डॉक्टरकडून घ्यावा.)

आधी थोडी शरीररचना, म्हणजे पुढचं कळेल. ओटीपोटाच्या हाडांचा सांगाडा हा बूड नसलेल्या भांड्यासारखा असतो. बूड म्हणून असते ती स्नायूंची एक झोळी. इंग्रजीत तिला पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. तिच्यातल्या मुख्य स्नायूचं नाव लेव्हेटर अनाय. तो पुढच्या बाजूला जांघेमधल्या हाडाच्या आतल्या अंगाला चिकटलेला असतो आणि इंग्रजी 'यू' अक्षरासारखा मागे वळसा घालतो. त्या 'यू'च्या मधल्या फटीतून मूत्रमार्ग, योनीमार्ग आणि गुदमार्ग बाहेर येतात. मूत्राशय, गर्भाशय, आतडी यांचा भार ही झोळी आयुष्यभर पेलते. आणि त्याच फटीतून एक दिवस बाळाचं डोकं बाहेर यायचं असतं.

इथे तीन प्रकारच्या इजा होऊ शकतात. एक, डोकं दिवसेंदिवस अडकून राहिलं तर मधला भाग रक्त न मिळाल्यामुळे मरतो आणि मूत्राशयाला कायमचं छिद्र पडतं. हा फिस्टुला. दोन, बाहेरची कातडी आणि गुदद्वाराभोवतीचा कड्यासारखा स्नायू फाटतो. तीन, लेव्हेटर स्नायू हाडापासून उखडतो. पहिली इजा माणसाला चार हजार वर्षं दिसत होती. दुसरी दिसत होती, पण अर्धीच. तिसरी जवळजवळ एकविसावं शतक उजाडेपर्यंत दिसलीच नाही. हा लेख म्हणजे या 'दिसण्या'चा इतिहास.

पहिला पुरावा इजिप्तमधला. दुसरा मेंतूहोतेप नावाच्या राजाच्या परिवारात हेनहेनित नावाची एक राणी होती, साधारण इ.स.पू. २०५० च्या सुमाराची. कैरोमध्ये शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डग्लस डेरी यांनी तिची ममी तपासली आणि १९३५ साली लिहिलं, की तिचं कटिर अरुंद होतं आणि मूत्राशय व योनीमार्ग यांच्यामध्ये मोठं छिद्र होतं. म्हणजे राजाच्या घरची बाईसुद्धा अडली, आणि त्यातून सुटली नाही. चार हजार वर्षांपूर्वीची ही केस हिस्टरी वाचून मी उडालोच.

आपल्याकडे चरक-सुश्रुतांनी योनीरोगांचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि सुश्रुताच्या यादीत अंग जागेवरून सरकण्याचा प्रकारही आहे. पण कारण आणि परिणाम यांची गाठ स्पष्टपणे बांधणारा, मला सापडलेला जुना माणूस म्हणजे अकराव्या शतकातला इब्न सिना, युरोपचा अ‍ॅव्हिसेना. फार लहान वयात लग्न झालेल्या मुलींना गर्भ राहू नये म्हणून वैद्याने उपाय सांगावेत, कारण गर्भाच्या आकारमानाने मूत्राशय फाटू शकतं आणि मग लघवीवरचा ताबा मरेपर्यंत परत येत नाही, असं त्याने लिहून ठेवलं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर ही 'रिस्क फॅक्टर'ची नोंद आहे. धोका काय, कुणाला, आणि टाळायचा कसा. पुढच्या शतकात इटलीतल्या सालेर्नो इथल्या त्रोता नावाच्या वैद्य बाईंशी जोडलेल्या ग्रंथात फाटलेला भाग रेशमी धाग्याने तीन-चार ठिकाणी शिवावा, असं सांगितलेलं सापडतं.

म्हणजे माहिती होती. पण माहिती असणं आणि ती मान्य होणं यात किती अंतर असतं, ते बघायला लांब जायला नको. १८८० च्या दशकातली मुंबई आणि पुणे पुरे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेताना प्रबंधाचा विषय निवडला तो हिंदूंमधल्या प्रसूतीशास्त्राचा, हे मात्र आपल्या सहसा लक्षात राहत नाही. रखमाबाईंचा खटला त्याच सुमाराचा. लहानपणी लावून दिलेलं लग्न मी मानत नाही, असं म्हणणाऱ्या रखमाबाईंना १८८७ साली कोर्टाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं सांगितलं. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांमध्ये मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची होत्या.

मग १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. वय दहावरून बारा करायचं, एवढीच मागणी! टिळकांनी परक्या सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून विरोध केला, आगरकर, रानडे, भांडारकर बाजूने उभे राहिले. हा वाद आपण 'सुधारक विरुद्ध सनातनी' असा वाचतो. पण त्याच वेळी हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी व्हॉइसरॉयकडे अर्ज केला होता आणि सोबत आपण प्रत्यक्ष तपासलेल्या कोवळ्या मुलींच्या इजांची यादी जोडली होती. सभांमधून गर्भाधान संस्काराचा मुहूर्त कोणता यावर शास्त्रार्थ चालू होता, आणि या बायका सांगत होत्या की शरीराचं काय होतं ते आम्ही बघितलंय. म्हणजे विदा टेबलावर होता. चर्चा भलत्याच गोष्टीची चालली होती. (मीटिंगमध्ये असं होताना कुणी पाहिलंय का? :))

आता अटलांटिकपलीकडे. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी गावात डॉ. जे. मॅरियन सिम्स यांनी १८४५ ते १८४९ या काळात फिस्टुला शिवण्याचे प्रयोग केले. कुणावर? गुलाम स्त्रियांवर. त्यातल्या तिघींची नावं सिम्सने स्वतः लिहून ठेवली म्हणून आपल्याला माहीत आहेत. अनार्का, बेट्सी आणि ल्युसी. अनार्का सतरा वर्षांची असताना तीन दिवस अडली होती, शेवटी सिम्सनेच चिमटा लावून बाळ काढलं होतं. तिच्यावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या, भूल न देता. अखेर चांदीच्या तारेचे टाके टिकले, आणि सिम्स आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ साली हलवण्यात आला. परवानगी देण्याचा किंवा नाकारण्याचा हक्कच नसलेल्या बायकांच्या शरीरावर हे शास्त्र उभं राहिलं, ही गोष्ट पुतळा हलवून संपत नाही.

पण इतिहासाच्या दृष्टीने मला आणखी एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. युरोप-अमेरिकेतून फिस्टुला जवळपास नाहीसा झाला तो टाका सापडल्यामुळे नाही. बाई अडलीय हे वेळेत ओळखून सुरक्षित सिझेरियन करता यायला लागलं, मुलींचं पोषण सुधारलं, लग्नाचं वय वाढलं, त्यामुळे तो गेला. जिथे हे पोचलं नाही तिथे तो राहिला. कॅथरिन आणि रेजिनाल्ड हॅमलिन हे डॉक्टर जोडपं १९५९ साली इथिओपियात गेलं तेव्हा हेनहेनित राणीची जखम घेऊन बायका चालत, गाढवावर बसून त्यांच्याकडे येत होत्या. १९७४ मध्ये त्यांनी अदिस अबाबात फक्त याच एका जखमेसाठी हॉस्पिटल काढलं. कॅथरिनबाई २०२० साली, ९६ व्या वर्षी वारल्या. हॉस्पिटल चालूच आहे.

आता दुसऱ्या इजेकडे येऊ. इथे गोष्ट वेगळी आहे, कारण इथे इजा टाळण्यासाठी केलेला उपायच धोका ठरला.

बाळ ओढून काढायचा चिमटा, म्हणजे फोर्सेप्स, हा लंडनच्या चेंबरलेन घराण्याचा शोध. हे मूळचे फ्रान्समधले प्रोटेस्टंट, १५६९ साली इंग्लंडमध्ये आले. त्यांनी हे हत्यार शंभरावर वर्षं घराण्यातच गुप्त ठेवलं. १८१३ मध्ये एसेक्समधल्या त्यांच्या जुन्या घरात तक्तपोशीखाली हे चिमटे सापडले. एका घराण्याच्या धंद्यापायी तीन-चार पिढ्यांच्या बायका या हत्याराला मुकल्या, कारण अडलेल्या बाईचा आणि बाळाचा जीव वाचवण्याचं ते खरोखरच साधन होतं. हे 'क्लोज्ड सोर्स'चं मी वाचलेलं सगळ्यात भयंकर उदाहरण!

कापण्याची कल्पना डब्लिनच्या फील्डिंग ऊल्ड या डॉक्टरने १७४२ च्या पुस्तकात मांडली. डोकं बाहेर यायला वाव नसेल तर कातरीने छेद द्यावा, असं. पण हा अडचणीतला उपाय होता. १८५७ साली व्हिएन्नाच्या कार्ल ब्राऊनने त्याला एपिझिओटॉमी हे नाव दिलं. आपल्याकडच्या बायका त्याला "टाके पडले" एवढंच म्हणतात.

मग आला १९२० चा तो निबंध. शिकागोचे डॉ. जोसेफ डीली. हा माणूस खलनायक नव्हता. गरीब बायकांची बाळंतपणं नीट व्हावीत म्हणून त्यांनी १८९५ साली शिकागोत दवाखाना काढला होता, स्वच्छतेसाठी आयुष्यभर भांडले. त्यांचं म्हणणं असं: बाई गवत उचलायच्या दाताळ्यावर पडली आणि दांडा आत घुसून फाटलं, तर आपण त्याला इजा म्हणतो. मग बाळाच्या डोक्याने तेवढंच फाटलं तर त्याला नैसर्गिक का म्हणायचं? प्रश्न अगदी रास्त आहे. बाईच्या इजेला इजा म्हणणारा डॉक्टर त्या काळात विरळाच. पण त्यांनी दिलेलं उत्तर असं: पहिलटकरणीला गुंगीचं औषध द्या, मग ईथर द्या, छेद घ्या, चिमट्याने बाळ काढा, आणि सगळं व्यवस्थित शिवून टाका. वेड्यावाकड्या फाटण्यापेक्षा सरळ कापलेलं बरं, शिवायला सोपं, आणि आतला स्नायू ताणलाही जाणार नाही.

ऐकायला किती तर्कशुद्ध! आणि तपासून कुणी बघितलं? कुणीच नाही. बाळंतपण घरातून हॉस्पिटलमध्ये सरकत होतं, शिकाऊ डॉक्टरांना 'असंच करायचं' म्हणून शिकवलं जात होतं, आणि बघता बघता अपवाद होता तो डिफॉल्ट झाला. अमेरिकेत १९७९ साली सुमारे ६१ टक्के योनीमार्गे प्रसूतींमध्ये छेद घेतला जात होता. कुणीतरी एकदा कोडमध्ये एक ओळ टाकतो, "असू दे, सेफ्टीसाठी आहे" म्हणतो, आणि ती काढायची पुढे कुणाची हिंमत होत नाही, तसंच.

१९८३ मध्ये थॅकर आणि बँटा या दोघांनी १८६० पासून १९८० पर्यंतचं इंग्रजी वैद्यकीय लिखाण चाळलं. १२० वर्षांच्या ढिगाऱ्यात सरसकट छेदाचे जे फायदे सांगितले जात होते, त्यांना भक्कम असा पुरावा सापडला नाही. १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये जेनिफर स्लीप या सुईणीने (हो, डॉक्टरने नाही, मिडवाइफने) हजार बायकांचा चिठ्ठ्या टाकून दोन गट करण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. १९९३ मध्ये अर्जेंटिनाचा मोठा प्रयोग आला, २६०६ बायकांचा. एका गटात ८३ टक्के जणींना छेद, दुसऱ्या गटात गरज पडली तरच, म्हणजे ३० टक्क्यांना. गंभीर फाटण्याचं प्रमाण पहिल्या गटात १.५ टक्के, दुसऱ्यात १.२ टक्के. म्हणजे इतक्या बायकांना कापून वाचवलं काहीच नाही. शिवाय अमेरिकेत प्रचलित असलेला सरळ मागच्या दिशेने जाणारा छेद तर गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटत जायला वाटच करून देतो, हेही इतर अभ्यासांतून दिसलं. २००४ पर्यंत अमेरिकेतलं प्रमाण २५ टक्क्यांखाली आलं. २०१८ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांमध्ये सरसकट छेद घेऊ नये, असं स्पष्ट लिहिलं आहे.

डीलींचा प्रश्न बरोबर होता आणि उत्तर चुकलं होतं. हे कळायला साठ-सत्तर वर्षं लागली.

आणि आता तिसरी इजा. न दिसणारी.

अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या डॉ. हॅरॉल्ड गेनी यांनी १९४३ साली एक साधी पण चिकाटीची गोष्ट केली. बाळंतपणानंतर हजार बायकांना बोटांनी तपासलं आणि कुठे काय इजा आहे त्याची नोंद केली. काही जणींमध्ये लेव्हेटर स्नायू हाडापासून सुटल्याचं त्यांच्या हाताला लागलं. १९५५ मध्ये त्यांनी आणखी हजार जणींचा अभ्यास छापला. आणि मग जग ते विसरून गेलं! १९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉ. आर्नल्ड केगल यांनी या स्नायूंचे व्यायाम आणि स्नायूची ताकद मोजायचं एक यंत्र जगापुढे ठेवलं. केगल व्यायाम टिकले, चांगलेही आहेत. पण सैल पडलेला स्नायू व्यायामाने सुधारतो, उखडलेला स्नायू व्यायामाने परत हाडाला चिकटत नाही. हा फरक बघायला डोळे हवे होते, आणि ते आले यंत्रांमधून.

१९९३ मध्ये लंडनच्या अब्दुल सुलतान आणि सहकाऱ्यांनी आतून सोनोग्राफी करून गुदद्वाराचा स्नायू प्रसूतीआधी आणि नंतर तपासला. योनीमार्गे पहिल्यांदा प्रसूत झालेल्या ७९ जणींपैकी २८ जणींच्या स्नायूत खंड पडलेला दिसला, म्हणजे ३५ टक्के. यातल्या बहुतेक प्रसूतीच्या वेळी कुणाच्या लक्षातच आल्या नव्हत्या. चिमटा लावलेल्या दहा जणींपैकी आठ जणींना इजा होती. सिझेरियन झालेल्या २३ जणींपैकी एकीलाही नवीन इजा नव्हती. आकडे लहान आहेत, पण त्यांनी खळबळ उडवली.

२००३ मध्ये मिशिगनच्या जॉन डीलॅन्सी यांच्या गटाने एमआरआय वापरून लेव्हेटर बघितला. मूल न झालेल्या ८० जणींमध्ये एकही दोष नाही. एकदा योनीमार्गे प्रसूत झालेल्या १६० जणींमध्ये ३२ जणींना दोष, म्हणजे पाचातल्या एकीला. (यातल्या निम्म्या जणी लघवीवर ताबा न राहण्याची तक्रार असलेल्याच मुद्दाम निवडल्या होत्या, हे लक्षात घ्यायला हवं.) २००५ मध्ये सिडनीच्या डीट्झ आणि लान्झारोन यांनी बाहेरून करायच्या त्रिमितीय सोनोग्राफीने बाळंतपणाच्या आधी आणि नंतर तपासलं. योनीमार्गे प्रसूत झालेल्या ३९ पैकी १४ जणींचा स्नायू उखडलेला होता. गेनींच्या हाताला जे १९४३ साली लागलं होतं, ते साठ वर्षांनी पडद्यावर दिसलं.

यातलं माझं सगळ्यात आवडतं काम २००४ सालचं, कारण ते आमच्या जातकुळीचं आहे. मिशिगनच्याच गटाने संगणकावर ओटीपोटाचं मॉडेल बनवून त्यातून बाळाचं डोकं बाहेर काढलं. झोळीचा सगळ्यात आतला, हाडाजवळचा पट्टा मूळ लांबीच्या ३.२६ पट ताणला जातो, असं उत्तर आलं. एरवी शरीरातला स्नायू दीडपटीपलीकडे ताणला की इजा व्हायला लागते. हा आकडा वाचल्यावर माझा प्रश्नच उलटा झाला. स्नायू फाटतो कसा, यापेक्षा बहुतेक बायकांचा स्नायू फाटत कसा नाही, याचंच आश्चर्य वाटायला लागलं! गरोदरपणात शरीर या स्नायूला ताणासाठी तयार करत असणार, असं संशोधक मानतात.

मग या सगळ्यातून धोका वाढवणारी कारणं कोणती निघाली? २००६ मध्ये मिशिगन गटाने त्याच १६० जणींच्या प्रसूतीच्या नोंदी तपासल्या. चिमटा लावला असेल तर लेव्हेटरला इजा असण्याची शक्यता ('ऑड्स' या अर्थाने) १४.७ पट, गुदद्वाराचा स्नायू फाटला असेल तर ८.१ पट, छेद घेतला असेल तर ३.१ पट. व्हॅक्युम लावून ओढलेल्यांत मात्र अशी वाढ दिसली नाही. इजा झालेल्या बायका सरासरी साडेतीन वर्षांनी मोठ्या होत्या आणि त्यांची कळा देण्याची अवस्था सरासरी ७८ मिनिटं जास्त चालली होती. पुढच्या अभ्यासांतून यादी साधारण अशी पक्की झाली:

१. पहिलं योनीमार्गे बाळंतपण. बरीचशी इजा इथेच होते.
२. चिमटा.
३. कळा देण्याची लांबलेली अवस्था.
४. मोठं बाळ (चार किलोच्या वर), मोठं डोकं, खांदा अडकणं.
५. बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे असणं.
६. सरळ मागे जाणारा छेद.
७. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी आईचं वय जास्त असणं.

शेवटचा मुद्दा आपल्या पिढीचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडे प्रश्न बारा-चौदा वर्षांच्या आयांचा होता. आज तिशी-पस्तिशीतल्या पहिलटकरणींचा आहे. धोक्याचा आलेख दोन्ही टोकांना वर जातो, फक्त इजा वेगळी असते. यात कुणी कुणाला "बघ, म्हणून लवकर मूल हवं" असं ऐकवायची सोय नाही. मूल कधी हवं याची कारणं स्नायूपेक्षा खूप मोठी असतात. पण तिशीनंतरच्या बाईला ही माहिती मिळायला हवी, एवढंच.

परदेशातल्या वाचकांसाठी आणखी एक. इंग्लंडमध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या बायकांमध्ये गुदद्वाराचा स्नायू फाटण्याचं प्रमाण जास्त आढळतं, तिथल्या मार्गदर्शक सूचनांतही ते नोंदलेलं आहे. आशियात राहणाऱ्या आशियाई बायकांमध्ये मात्र तसं स्पष्ट दिसत नाही. म्हणजे गोष्ट निव्वळ वंशाची नसावी. इंग्लंडमध्येच पहिलटकरणींमध्ये या इजेचं प्रमाण २००० मध्ये १.८ टक्के होतं, ते २०११-१२ पर्यंत ५.९ टक्के झालं. बायका अचानक जास्त फाटायला लागल्या का? बराचसा भाग असा, की डॉक्टर आणि मिडवाइफ नीट बघायला लागल्या. मॉनिटरिंग बसवल्यावर एरर वाढलेले दिसतात, तसंच हे.

"मग सरळ सिझरच करू या की" असं कुणी म्हणेल. सिझेरियनमुळे या इजा बऱ्याच टळतात, हे खरं. पण ती पोटाची शस्त्रक्रिया आहे, पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणात रुतण्यासारखे जीवघेणे धोके त्यातून येतात, आणि बहुसंख्य बायकांना योनीमार्गे बाळंतपणातून गंभीर इजा होत नाही. चिमट्याचंही तसंच. बाळाचा ठोका मंदावला असताना तो जीव वाचवतो. फुकट असं इथे काहीच नाही.

पण काही उपाय मात्र जवळजवळ फुकट आहेत. नॉर्वेतल्या फ्रेडरिकस्टाड इथल्या हॉस्पिटलने २००५ पासून एक जुनीच पद्धत पुन्हा शिकवली. डोकं बाहेर येताना एका हाताने त्याचा वेग धरायचा, दुसऱ्या हाताने खालच्या भागाला आधार द्यायचा, आणि बाईला त्या क्षणी जोर लावू नको म्हणायचं. गंभीर फाटण्याचं प्रमाण ४.०३ टक्क्यांवरून १.१७ टक्क्यांवर आलं. कळा देताना गरम पाण्यात भिजवलेल्या कापडाने शेक दिला तरी गंभीर इजा कमी होतात, हेही अनेक प्रयोगांतून दिसलं आहे. हात आणि गरम फडकं! आपल्या जुन्या सुइणी काय वेगळं करत होत्या?

(सुइणींचं उगाच उदात्तीकरण करायचं नाही. अडलेल्या बाईपुढे त्यांचाही इलाज चालत नव्हता, आणि आपल्याकडे 'अंग बाहेर येणं' हा शब्दप्रयोग घरोघरी माहीत होता तो काही उगाच नाही. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगभर ओळखले जातात ते गर्भपात टाळणाऱ्या 'शिरोडकर टाक्या'मुळे. पण गर्भाशय न काढता खाली आलेलं अंग वर बांधून ठेवायची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावाने आहे. तशी शस्त्रक्रिया शोधावी लागली, कारण अगदी तरुण बायका ही तक्रार घेऊन येत होत्या.)

म्हणजे येत होत्या त्या. न येणाऱ्यांचं काय? १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या दोन खेड्यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ६५० बायकांपैकी ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता. आणि त्याआधी कधी तपासणी झाली होती फक्त ८ टक्क्यांची. हा अभ्यास सगळ्याच स्त्रीरोगांचा होता, केवळ बाळंतपणातल्या इजांचा नाही. पण मला त्यातला ९२ पेक्षा ८ हा आकडा जास्त सतावतो.

कारण या इतिहासात प्रत्येक वळणावर मला तेच दिसलं. इब्न सिनाने लिहिलेलं होतं, १८९० च्या स्त्री-डॉक्टरांनी यादी दिली होती, गेनींच्या बोटांना लागलं होतं. कळलेलं पुन्हा विसरलं जायचं, कारण ज्यांना दुखत होतं त्यांना कुणी विचारत नव्हतं, आणि विचारलं तरी त्या लाजून "काही नाही" म्हणत होत्या.

म्हणून ज्यांच्या घरी बाळ येणार आहे त्यांनी (नवऱ्यांनीसुद्धा) डॉक्टरांना आधीच मोकळेपणाने चार गोष्टी विचाराव्यात. तुमच्याकडे छेद सरसकट घेतात का? बाळ ओढायची वेळ आली तर काय वापरता, आणि का? नंतर फाटलंय का ते नीट तपासता का? आणि सहा आठवड्यांनी बाळाचं वजन बघाल तेव्हा आईलाही "लघवी-संडासवर ताबा आहे ना?" असं विचाराल का? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत, उलट बोलायला लागतात.

आमच्या त्या मैत्रिणीला शेवटी पेल्व्हिक फ्लोअरवर काम करणाऱ्या एक फिजिओथेरपिस्ट सापडल्या. सुधारणा हळूहळू होतेय. तिने सांगितलं, की पहिल्या दिवशी त्या बाईंनी "कधीपासून होतंय?" असं विचारलं, तेव्हा तिला रडूच आलं. दीड वर्षात हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.